हृदय, रक्तवाहिन्या आणि रक्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळकरी मुले, रक्तदान शिबिरांत आलेले तरुण आणि रुग्णालयाच्या बाकावर तपासणीचा कागद हातात घेऊन बसलेले नातेवाईक यांनी वर्षानुवर्षे विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत, कारण ‘अशुद्ध रक्त’, ‘रक्त कमी आहे’, ‘हार्ट फेल’ यांसारख्या रूढ शब्दांनीच पुष्कळसा गोंधळ निर्माण केला आहे आणि ते शब्द उलगडल्याखेरीज तो सुटत नाही. ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. तिच्यावरून कोणाचे निदान किंवा औषध ठरवू नये.

१. हृदय डाव्या बाजूला असते, हे खरे आहे का?

अर्धवट खरे आहे. हृदय छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या मागे आणि दोन फुप्फुसांच्या मध्ये असते. मात्र ते तिरके असल्यामुळे त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे येतो. त्याचे निमुळते टोक डावीकडे, खाली आणि थोडे पुढे झुकलेले असते व ठोका तेथेच स्पष्ट जाणवतो, म्हणून आपला हात आपोआप डावीकडे जातो. प्रौढ माणसाचे हृदय साधारण त्याच्या मुठीएवढे आणि २५० ते ३५० ग्रॅम वजनाचे असते. क्वचित एखाद्याचे हृदय जन्मतःच उजवीकडे झुकलेले असते. अशा माणसाच्या पोटातील अवयवही आरशातल्याप्रमाणे उलट बाजूंना असतील, तर बहुधा त्याला काही त्रास होत नाही; पुढे कधीतरी छातीचा एक्स-रे काढल्यावरच ते कळते.

२. रक्त ढकलायचेच आहे, तर हृदयाला चार कप्पे कशाला हवेत?

कारण हृदय हा एक पंप नसून शेजारीशेजारी बांधलेले दोन पंप आहेत. उजवा पंप शरीराकडून आलेले रक्त फुप्फुसांकडे पाठवतो आणि डावा पंप फुप्फुसांकडून आलेले रक्त सर्व शरीराला पाठवतो. प्रत्येक पंपात वरचा कप्पा, म्हणजे अलिंद, रक्त स्वीकारतो आणि खालचा कप्पा, म्हणजे निलय, ते जोराने बाहेर ढकलतो.

दोन्ही निलये एका ठोक्याला जवळजवळ सारखेच रक्त टाकतात. विश्रांतीच्या वेळी ते सुमारे ७० मिलिलिटर असते. तरीही डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या दुपटीतिपटीने जाड असते. फुप्फुसे हृदयाला लागूनच आहेत आणि त्यांतील वाहिन्या फारसा विरोध करीत नाहीत, त्यामुळे उजव्या बाजूला साधारण २५ मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब पुरतो. डाव्या बाजूला मात्र मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत रक्त पोहोचवण्यासाठी सुमारे १२० एवढा दाब निर्माण करावा लागतो. दोन्ही मार्गांसाठी एकच पंप असता, तर इतक्या दाबाने फुप्फुसांच्या नाजूक केशिकांतून, म्हणजे अतिशय बारीक रक्तवाहिन्यांतून, पाणी झिरपून श्वासाची जागाच भरून गेली असती.

३. शुद्ध रक्त आणि अशुद्ध रक्त म्हणजे काय? शिरांतले रक्त घाण असते का?

नाही. ‘अशुद्ध रक्त’ हा शब्द आपल्या बोलण्यातून जावा, असे मला मनापासून वाटते. शाळेच्या आकृतीत डावी बाजू लाल व उजवी निळी रंगवून ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ असे लिहिले, की मुलांच्या मनात सांडपाण्याचे चित्र उभे राहते आणि ते जन्मभर पुसले जात नाही. प्रत्यक्षात फरक एवढाच असतो, की शरीराला फिरून आलेल्या रक्तात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. ऑक्सिजनही संपलेला नसतो. विश्रांतीच्या वेळी परत येणाऱ्या रक्तातील हिमोग्लोबिन सुमारे ७० ते ७५ टक्के भरलेलेच असते.

शिवाय रक्तातून युरियासारखी टाकाऊ द्रव्ये काढण्याचे काम फुप्फुसे करीतच नाहीत, ते मूत्रपिंडे करतात. त्या अर्थाने पाहिले, तर शरीरातील सर्वांत ‘शुद्ध’ रक्त मूत्रपिंडातून बाहेर पडणाऱ्या शिरेत सापडेल, जी आकृतीत निळी दाखवलेली असते. ‘रक्तशुद्धी’च्या नावाने विकल्या जाणाऱ्या काढ्यांची गरज भासते, ती बहुधा याच शब्दाच्या छायेत.

४. धमनीत ऑक्सिजनयुक्त रक्त असते, मग फुप्फुस धमनीत उलटे कसे?

धमनी आणि शिरा ही नावे रक्तातील ऑक्सिजनवरून दिलेली नसून रक्ताच्या दिशेवरून दिलेली आहेत. हृदयापासून दूर नेते ती धमनी, म्हणजे रोहिणी. हृदयाकडे आणते ती शिरा, म्हणजे नीला. फुप्फुस धमनी हृदयापासून दूर जाते, म्हणून तिच्यात कमी ऑक्सिजनचे रक्त असूनही ती धमनीच ठरते. गर्भाच्या नाळेतही असेच घडते; त्यासाठी प्रश्न १५ पाहावा.

एक अपवाद मात्र या व्याख्येलाही पूर्ण बसत नाही. आतड्यांतून पचलेले अन्नरस घेऊन निघालेली यकृत-प्रवेशिका शीर सरळ हृदयाकडे न जाता यकृतात शिरते आणि तेथे पुन्हा बारीक वाहिन्यांत विभागते. त्यामुळे अन्नातून, तसेच तोंडाने घेतलेल्या औषधांतून, जे शोषले जाते त्याचा बहुतेक भाग यकृताच्या हाताखालून गेल्यावरच उर्वरित शरीराला मिळतो.

५. हातावरच्या शिरा निळ्या दिसतात. मग आतले रक्त निळे असते का?

माणसाचे रक्त कधीही निळे नसते. ऑक्सिजन भरपूर असताना ते लालभडक आणि कमी असताना काळपट लाल दिसते; रक्त तपासणीसाठी शिरेतून काढलेली नळी पाहिली की खात्री पटते. निळेपणा हा त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशाचा परिणाम आहे. लाल प्रकाश त्वचेत खोलवर जातो आणि शिरेतील रक्तात बराचसा शोषला जातो, तर निळा प्रकाश वरच्या थरांतूनच विखरून परत येतो, त्यामुळे शिरेची जागा आजूबाजूच्या त्वचेच्या तुलनेत निळसर भासते. ओठ किंवा जीभ निळसर पडणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तसे दिसल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

६. हृदयाला ठोके देण्याचा हुकूम कोण देते? मेंदू का?

हुकूम हृदय स्वतःच देते. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात काही विशिष्ट पेशींचा एक छोटा पुंजका असतो आणि त्या पेशी कोणी न सांगता ठरावीक काळाने विद्युत संदेश निर्माण करतात. तो संदेश आधी दोन्ही अलिंदांत पसरतो, मग अलिंद व निलय यांच्या सीमेवर सुमारे एक-दशांश सेकंद थबकतो आणि त्यानंतर खास तंतूंमधून वेगाने निलयांत पोहोचतो. त्या क्षणभराच्या थांब्यातच निलये पूर्ण भरतात. ईसीजीच्या कागदावर जी रेघ उमटते, ती याच संदेशाच्या प्रवासाची असते.

मेंदूचे काम वेग बदलण्याचे आहे. या पुंजक्याचा स्वतःचा वेग मिनिटाला सुमारे १०० असतो. मेंदूकडून येणारी एक मज्जातंतू त्याला सतत आवरून धरते, म्हणून विश्रांतीत आपली नाडी ७२ च्या आसपास राहते. प्रत्यारोपित हृदयात हे लख्ख दिसते, कारण तेथे मज्जातंतू कापलेल्या असतात: अशा हृदयाचा वेग विश्रांतीतही बहुधा ९० ते ११० असतो आणि जिना चढताना तो लगेच न वाढता रक्तातून येणाऱ्या ॲड्रेनलिनची वाट पाहतो. माणसाच्या हृदयाचे पहिले प्रत्यारोपण ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनला झाले आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातील पहिला प्रयत्न केला. तो रुग्ण काही तासच जगला. देशातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९९४ साली दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले.

७. ‘लब-डब’ हा आवाज हृदय आकसल्याचा असतो का?

तो झडपा मिटल्याचा असतो. निलये आकसू लागताच अलिंदांकडच्या दोन झडपा मिटतात, तो ‘लब’. निलये सैल होताना दोन मोठ्या धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या अर्धचंद्राकृती झडपा मिटतात, तो ‘डब’. झडप अरुंद असेल किंवा नीट मिटत नसेल, तर या दोहोंच्या मध्ये किंवा नंतर फुस्‌ असा जादा आवाज येतो. लहान मुलांत असा आवाज पुष्कळदा निरुपद्रवी असतो, तरीही तो एकदा तपासून घ्यावा.

८. रक्त शरीरभर गोल फिरते, हे पहिल्यांदा कसे समजले?

गणिताने आणि बोटांनी. यकृत अन्नापासून रक्त तयार करते व ते अवयवांत खर्च होऊन जाते, अशी समजूत युरोपात सुमारे चौदाशे वर्षे चालत आली होती. इंग्लंडचे विल्यम हार्वी यांनी १६२८ साली तिला साधा हिशेब विचारला. आजचे आकडे घेतले, तर एका ठोक्याला ७० मिलिलिटर आणि मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर आणि दिवसाला ७,००० लिटरहून अधिक रक्त हृदयातून जाते. एवढे रक्त रोज नव्याने तयार व्हायचे, तर माणसाने किती जेवावे? अर्थात तेच रक्त पुन्हापुन्हा येत असले पाहिजे.

हार्वींचा दुसरा पुरावा आपण घरी पाहू शकतो. हात खाली सोडून मनगटापुढची एखादी ठसठशीत शीर निवडावी, तिच्यावर एक बोट दाबून ठेवावे आणि दुसऱ्या बोटाने शिरेतील रक्त कोपराच्या दिशेने निपटावे. वरची झडप ओलांडून बोट उचलले, तरी त्या झडपेपासून दाबलेल्या बोटापर्यंतचा तुकडा रिकामाच राहतो, कारण झडप रक्ताला मागे येऊ देत नाही. खालचे बोट काढताच तो टचकन भरतो. धमन्या आणि शिरा यांना जोडणारा दुवा मात्र हार्वींना दिसला नाही. तो १६६१ साली इटलीचे मार्चेल्लो माल्पिगी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात पाहिला: त्या केशिका होत्या.

९. शरीरातील रक्तवाहिन्यांची लांबी १ लाख किलोमीटर असते, हे खरे का?

हा आकडा पाठ्यपुस्तकांतून आणि प्रश्नमंजूषांतून सर्वत्र फिरतो, पण तो जपून वापरावा. त्याचे मूळ डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोघ यांच्या सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या अंदाजात आहे आणि त्यात एका माणसाच्या अंगी तब्बल ५० किलो स्नायू धरलेले होते. अलीकडचे अंदाज ९,००० ते १९,००० किलोमीटरच्या दरम्यान येतात, आणि तेही कमी नाहीत.

लांबीपेक्षा मांडणी अधिक विचार करण्याजोगी आहे. धरणाचे पाणी कालव्यातून वेगाने येते, चाऱ्यांत विभागते आणि उसाच्या सरीत पोहोचते तेव्हा इतके संथ होते, की मातीत मुरायला त्याला वेळ मिळतो. रक्ताचेही तसेच आहे. एकेक केशिका केसाहून कितीतरी बारीक असली, तरी साऱ्या केशिकांची मिळून रुंदी महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, शेकडो पट होते, त्यामुळे तेथे रक्ताचा वेग सेकंदाला १ मिलिमीटरहूनही कमी होतो. ऑक्सिजन आणि अन्न पेशींना मिळते, ते याच संथपणात.

१०. बीपी १२०/८० म्हणजे काय? दोन आकडे का असतात?

वरचा आकडा हृदय आकसते तेव्हाचा धमनीतील सर्वांत जास्त दाब आणि खालचा आकडा हृदय सैल होऊन भरत असतानाचा सर्वांत कमी दाब सांगतो. दोन्ही पाऱ्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. खालचा आकडा शून्यावर येत नाही, याचे श्रेय मोठ्या धमन्यांच्या लवचीक भिंतींना आहे: ठोक्याबरोबर त्या ताणल्या जातात आणि पुढच्या ठोक्यापर्यंत आकसत राहून रक्त पुढे ढकलतात. वयाबरोबर त्या ताठर होतात, म्हणून वृद्धांत पुष्कळदा फक्त वरचा आकडा वाढतो, आणि ‘खालचा बरोबर आहे’ एवढ्यावर समाधान मानणे चुकीचे ठरते.

१२० मिलिमीटर पारा म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून सांगतो: एवढ्या दाबाने उभ्या नळीत रक्त सुमारे दीड मीटर चढेल. मोजताना पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा. जिना चढून आल्याबरोबर घेतलेल्या एका आकड्यावरून कोणालाही रक्तदाबाचा रोगी ठरवू नये, आणि गोळीने आकडा ठीक आला म्हणून स्वतःहून गोळीही थांबवू नये.

११. पायातले रक्त गुरुत्वाच्या विरुद्ध वर कसे चढते?

पोटऱ्यांच्या जोरावर. चालताना पोटरीचे स्नायू आतील शिरांना पिळतात आणि प्रश्न ८ मध्ये सांगितलेल्या झडपांमुळे ते रक्त फक्त वरच जाऊ शकते. श्वास घेताना छातीतील दाब कमी होतो, त्याचीही मदत होते. तासन्‌तास एका जागी उभे राहिल्यास हा पंप बंद राहतो. म्हणूनच वाहतूक पोलीस, शिक्षक आणि केशकर्तनालयात काम करणारे यांच्यापैकी अनेकांच्या पायांवर फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा दिसतात: झडपा ताणल्या जाऊन रक्त खाली साचते. एक पाय अचानक सुजून दुखू लागला, तर मात्र शिरेत गुठळी झालेली असू शकते. तो पाय चोळू नये, त्याच दिवशी दाखवावा.

१२. ‘तुमच्यात रक्त कमी आहे’ म्हणजे नेमके काय कमी असते? बीट खाल्ल्याने ते वाढते का?

रक्ताचे प्रमाण कमी नसते, हिमोग्लोबिन कमी असते. प्रौढाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यात साधारण ५५ टक्के पिवळसर रक्तद्रव आणि उरलेल्या भागात बहुतांशी तांबड्या पेशी असतात. या पेशींना केंद्रक नसते, त्या सुमारे १२० दिवस जगतात आणि अस्थिमज्जा दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी तयार करते. हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटरमागे पुरुषांत १३, स्त्रियांत १२ आणि गर्भवतींत ११ ग्रॅमच्या खाली गेले, तर त्याला रक्तक्षय म्हणतात.

बिटाचा रंग लाल आहे, पण तो रंग लोहाचा नाही आणि बिटात लोह फारसे नसते. लोहासाठी हळीव, कडधान्ये, बाजरी, पालेभाज्या आणि खाणाऱ्यांसाठी मांस हे चांगले आहेत. वनस्पतीतील लोह शोषले जावे म्हणून जेवणात लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा टाळावा, कारण चहातील घटक लोहाला अडकवून ठेवतात. मात्र प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आजार आढळतो. त्यात हिमोग्लोबिनच्या साखळीतील एकच घटक बदललेला असतो, ऑक्सिजन कमी पडताच पेशी विळ्याच्या आकाराची होते आणि केशिकेत अडकते; तेथे तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या घेत राहणे योग्य नाही.

१३. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने रक्त खरोखर पातळ होते का?

होत नाही, रक्त पूर्वीइतकेच दाट राहते, फक्त गोठण्याची प्रवृत्ती कमी होते. ॲस्पिरिन रक्तपट्टिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू देत नाही आणि तिचा परिणाम त्या पट्टिकेच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे आठ-दहा दिवसांपर्यंत, टिकतो. म्हणून दात काढण्यापूर्वी ती चालू असल्याचे सांगणे आवश्यक असते. वॉरफरिन यकृतात ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने होणारी गोठणद्रव्यांची निर्मिती रोखते. ती घेणाऱ्यांनी पालक-मेथी सोडण्याची गरज नाही, पण प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे आणि रक्ताची तपासणी चुकवू नये.

१४. हृदयात सदैव रक्त असते, मग हृदयालाच रक्त कमी कसे पडते? आणि ॲटॅक, हार्ट फेल, हृदय बंद पडणे हे सारे एकच ना?

हृदयाच्या कप्प्यांतून वाहणारे रक्त त्याच्या जाड भिंतीला थेट मिळत नाही. महाधमनी सुरू होते तेथूनच दोन धमन्या निघून हृदयाच्या पृष्ठभागावर पसरतात आणि त्याच त्याला पोसतात. हृदय आकसते तेव्हा त्यांच्या शाखा पिळल्या जातात, म्हणून डाव्या निलयाला मुख्यतः सैल होण्याच्या काळातच रक्त मिळते. ठोके फार वाढले की तो काळ आखूड होतो.

तिन्ही शब्द वेगवेगळे आहेत. हृदयाला पोसणाऱ्या धमनीत चरबीचा थर फुटून गुठळी झाली आणि स्नायूचा एक भाग मरू लागला, की तो हृदयविकाराचा झटका. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दाब, घाम, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ असते, आणि स्त्रियांत किंवा मधुमेहींत केवळ दम लागणे किंवा मळमळ एवढेच असू शकते. हृदय अकस्मात पंप करेनासे होणे म्हणजे हृदय बंद पडणे. माणूस कोसळतो आणि नीट श्वास घेत नाही. अशा वेळी १०८ क्रमांकाला कळवून लगेच छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. ‘हार्ट फेल्युअर’ मात्र बहुधा हळूहळू येते: हृदय चालू असते, पण गरजेइतके रक्त पुढे टाकू शकत नाही आणि पायांना सूज, आडवे पडल्यावर दम अशी लक्षणे दिसतात. एखाद्याच्या कागदावर हे शब्द पाहून घरच्यांनी आशा सोडल्याचे मी पाहिले आहे. औषधांवर अनेक वर्षे काम करणारे असे रुग्ण पुष्कळ आहेत.

१५. पोटातले बाळ श्वास घेत नाही, मग त्याचे रक्ताभिसरण कसे चालते? हृदयाला छिद्र राहते ते याच कारणाने का?

बाळाला ऑक्सिजन वारेतून मिळतो आणि तो नाळेतील शिरेतून येतो. फुप्फुसे कामात नसल्याने त्यांना वळसा घालणारे दोन मार्ग असतात: दोन अलिंदांमधील झडपेसारखे छिद्र, आणि फुप्फुस धमनीला महाधमनीशी जोडणारी छोटी वाहिनी. पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसे उघडतात, डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि छिद्राची पडदी मिटते. वाहिनीही एरवी पहिल्या काही दिवसांत आकसते. सुमारे चौघांपैकी एका प्रौढात ती पडदी पूर्ण चिकटलेली नसते आणि त्यांतील बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. ‘हृदयाला छिद्र’ असे ज्या आजाराला म्हणतात, ते बहुधा निलयांच्या किंवा अलिंदांच्या पडद्याची वाढच अपुरी राहिल्यामुळे असते. निलयांमधील लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप बुजतात, म्हणून डॉक्टर कधीकधी वाट पाहायला सांगतात; तो हलगर्जीपणा नसतो.

१६. माझा गट ‘ओ’ आला आहे. मला कोणाचेही ‘ओ’ रक्त चालेल ना?

बहुतेकांच्या बाबतीत, आरएच घटक (पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह) जुळत असेल आणि पेढीतील जुळवणीची चाचणी व्यवस्थित आली तर, चालेल. अपवाद मुंबईच्या नावाने जगभर ओळखला जातो. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रक्त नोंदवले, जे नेहमीच्या चाचणीत ‘ओ’ दिसत होते, पण ज्याला ‘ओ’ रक्तही जुळत नव्हते.

कारण असे. तांबड्या पेशीवर आधी ‘एच’ नावाचा पाया असतो. त्यावर एक साखर जोडली की ‘ए’, दुसरी जोडली की ‘बी’, आणि काहीच न जोडता नुसता पाया राहिला की ‘ओ’. बॉम्बे गटाच्या माणसात हा पायाच नसतो. त्यामुळे ‘ए’ किंवा ‘बी’चे जनुक असूनही ते पेशीवर उमटत नाही, आणि आई-वडिलांच्या गटांशी मुलाचा गट जुळत नसल्याचे पाहून घरात विनाकारण संशय निर्माण होतो. त्या माणसाचे शरीर ‘एच’ला परके मानते, म्हणून ‘ओ’ रक्त दिल्यास ते फोडले जाऊन जिवावर बेतू शकते. केवळ पेशी तपासून हे कळत नाही; रुग्णाचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींवर टाकून पाहिला, की गुठळ्या दिसतात. भारतात हा गट सुमारे दहा हजारांत एकाचा असतो. तो दोन्ही पालकांकडून आलेल्या जनुकांमुळे होत असल्याने सख्ख्या भावंडात तोच गट असण्याची शक्यता साधारण चारांत एक असते. म्हणून घरात एकाचा बॉम्बे गट निघाला, तर रक्ताची गरज पडण्याची वाट न पाहता सर्व भावंडांची तपासणी करून त्यांची नावे रक्तपेढीत नोंदवून ठेवावीत.